रविवारचा फोन

खामगाव, १८ जून २०२३

अहो,

‘प्रिय’ लिहिणार होते. पण लग्नाला दोन वर्षं होत आली तरी आपली ओळख लग्नानंतरच्या तीन आठवड्यांचीच, आणि त्यातला एक आठवडा कुलदैवत आणि नातेवाईक यांत गेला. म्हणून तूर्त ‘अहो’वर भागवते.

पत्र कशाला, असं वाटेल. त्याचं एक कारण नीळकंठ सर. तुमच्या बाबांनी मला जर्मन शिकवायला ठेवलेत ते. उमेदीची सगळी वर्षं ते तुमच्या तिकडेच, जर्मनीत, यंत्रांच्या कारखान्यात होते, आता रिटायर होऊन इथे घाटपुरी नाक्याजवळ राहतात. परीक्षेत एक छोटं पत्र लिहावं लागतं म्हणे. ते म्हणाले, ज्याला आपल्या भाषेत पत्र लिहिता येत नाही तो दुसऱ्याच्या भाषेत काय लिहिणार. आधी मराठीत लिहायला लागा, खऱ्या माणसाला लिहा. दूर असलेलं खरं माणूस मला एकच आहे.

दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. रविवारचा फोन सगळ्या घराचा असतो. आई तो टीपॉयवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात, स्पीकर लावतात. बाबा हवापाणी आणि कपाशीचे भाव सांगतात, आई तुम्ही काय जेवलात ते विचारतात. माझा नंबर लागतो तेव्हा तुम्ही म्हणता, “बरी आहेस ना?” मी म्हणते, “हो.” झाला आपला संसार. व्हॉट्सअ‍ॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तुमचा अंगठा येतो. कागदाला निदान स्पीकर नाही.

शिकवणी आठवड्यातून तीनदा असते. सर साठीच्या पुढचे असले तरी पुरुषमाणूस. सुनेला त्यांच्यासमोर एकटं कसं बसवायचं, म्हणून आई भाजी निवडायला घेऊन तिथेच बसतात. मेथी, गवार, काहीच नसलं तर तांदळातले खडे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बायकोला नवऱ्याकडे जाता येत नाही, हा कायदा तुमच्या तिकडचा. म्हणून मी मन लावून शिकते आहे. शाळेतली नोकरी बाबांनी सोडायला लावली त्याला आता वर्ष झालं. विज्ञानाची बाई दिवसभर घरात बसून फरशी पुसते आहे, तर तिचं डोकं कुठेतरी लागायला हवं.

तुमच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोचलं की सांगा.

अश्विनी

*

खामगाव, ६ ऑगस्ट २०२३

अहो,

पत्र मिळालं असं तुम्ही फोनवर म्हणालात. पुढे म्हणालात, कशाला एवढा खर्च. ते सगळ्यांनी ऐकलं, आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तरी लिहिते.

सरांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवायला सांगितल्या. दारावर, फ्रीजवर, नळावर, खुर्चीवर, प्रत्येकीवर त्या वस्तूचं जर्मन नाव. देवघरावर मी चिकटवली नाही, पण आईंनीच विचारलं, त्याले काय म्हन्तेत? सर म्हणाले, तिकडे घरात देवघर नसतं. आईंना ते फार लागलं. मग त्यांनी भाकरीचं विचारलं. सरांनी पावाचा शब्द सांगितला. त्यावर आई म्हणाल्या, “पाव म्हंजे पाव. भाकरीले नावच नाई त्या देशात, लोकं जगतेत कसे व?”

खरं सांगू? आई माझ्यापेक्षा लवकर शिकताहेत. त्यांना व्याकरणाचं भय नाही, परीक्षेचं नाही. मी वहीत लिहून घेते तोवर त्यांनी ऐकून पाठ केलेलं असतं. परवा त्यांनी सरांना अगदी लाजत विचारलं, पोराले जेवाले बोलवाचं असलं तं तिकडच्या भाषेत कसं म्हनाव? सर म्हणाले, “दास एसन इस्ट फेर्टिश.” म्हणजे जेवण तयार आहे. आईंनी ते चुलीपाशी दिवसभर घोकलं. आता रोज दुपारी ताट वाढलं की बाबांना तशीच हाक जाते. बाबा चिडतात, म्हणतात म्हातारपणी हे काय थेर. पण येतात जेवायला. तुम्ही याल तेव्हा तुमच्याच भाषेत बोलावून तुम्हाला चकित करायचं, असा त्यांचा बेत आहे. मी तुम्हाला हे सांगितल्याचं त्यांना सांगू नका.

सर म्हणाले, माझी तयारी बरीच झाली आहे, हिवाळ्याच्या आत परीक्षेला बसायला हरकत नाही. तुमच्याकडून पगाराचे आणि घराचे कागद लागतात. गेल्या तीन रविवारी विचारायचं ठरवलं, पण माझा नंबर लागेपर्यंत तुमची जेवणाची वेळ होते. म्हणून इथे विचारते. कागद कधी पाठवता?

अश्विनी

*

खामगाव, २४ सप्टेंबर २०२३

अहो,

आज तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पत्रं पाठवू नको, इथे पोस्टाची भानगड असते, पेटी दुसऱ्यांबरोबर आहे. मी म्हटलं, बरं. बाबा म्हणाले, ऐकलं ना?

ऐकलं. म्हणून हे पत्र पाठवणार नाही. लिहिते मात्र आहे, सराव मोडू नये म्हणून. आणि आता सवयच लागली आहे.

परीक्षा पुढे गेली. बाबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी पासपोर्ट मागितला, कारण नाव नोंदवायला तो लागतो. तो लग्नानंतर काढला तेव्हापासून बाबांच्या कपाटात आहे. “कागद जागेवर असले की बरे असतात,” असं त्यांचं उत्तर. त्यांचा आवाज चढत नाही हो, हीच पंचाईत आहे. भांडायला गेलं की माणूस चहा मागतो.

आता हे पत्र तुम्ही वाचणारच नाही, तर स्पष्ट लिहिते. मला तिकडे यायचं आहे. तुमच्यावर जीव जडला म्हणून नव्हे, तसं म्हणणं खोटं होईल. तुमच्या शेजारी बसून एकदा जेवून, भांडून, हा माणूस कसा आहे ते मला बघायचं आहे. आवडला तर राहीन. नाही आवडला तर तेही कळेल. पण हे नुसतं ताटकळणं नको. या घरात मला कोणी टाकून बोलत नाही, उपाशी ठेवत नाही. मी सकाळी उठते, सडा घालते, बाबांच्या अडतीवरून येणाऱ्या माणसांना चहा करते, आणि बायका विचारतात, “काय व, कवा जातं जर्मनीले?” दोन वर्षं मी हसून उत्तर देते आहे. आता हसताना गाल दुखतात.

माझ्या आईला सोनाळ्याला फोन केला होता. ती म्हणाली, थोडं सांभाळून घे, निवेदिताला बघायला येणारेत. धाकट्या बहिणीचं जमेपर्यंत थोरलीनं तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडे न सांगता कळतं.

अ.

*

खामगाव, २७ नोव्हेंबर २०२३

अहो,

काल फोन चालू असताना तुमच्याकडे टीव्ही लागला होता का?

असेल. तुम्ही खिडकीपाशी उभे होता. बाबा सरकीच्या भावाबद्दल बोलत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “पापा, कॉम! दास एसन इस्ट फेर्टिश.” लहान मुलाचा आवाज होता. तुम्ही मागे वळून न पाहता हात केला, थांब म्हणून. मग म्हणालात, बाबा, आवाज तुटतोय, ठेवतो.

बाबांना काही कळलं नाही, त्यांना ती भाषा येत नाही. ते म्हणाले, नेटवर्क.

टीव्हीच असेल. टीव्हीतल्या मुलाला कोणी हाताने थांबवत नाही, पण असेल.

आई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी साखरेचा डबा उचलला आणि आत गेल्या.

रात्रीचा स्वयंपाक रोजच्यासारखा झाला. वांग्याची भाजी जरा खारट झाली होती, तेवढंच.

अ.

*

खामगाव, १४ डिसेंबर २०२३

अहो,

टीव्ही नव्हता. आता मीही तो बहाणा सोडते.

त्या रविवारनंतर आईंनी बाबांना जेवायला बोलावताना जर्मन बोलणं बंद केलं. “जेवाले चला” एवढंच. शिकवणीलाही त्या मान खाली घालून शेंगा सोलायच्या. मला वाटायचं, त्यांना कळलं नसेल. कळलं असेल तर मुलगा म्हणून गिळून टाकलं असेल. मग सोमवारी सकाळी आम्ही दोघी ज्वारी पाखडत होतो. सूप थांबवून त्या अगदी हळू म्हणाल्या,

“अश्विनी, ते लेकरू पोरगा हाय का पोरगी? आवाजावरून कळलं का तुले?”

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग आला, खूप राग आला. माझं आयुष्य मातीत गेलं आणि ही बाई नातवाचा आवाज ओळखते आहे. मग त्यांचं तोंड पाहिलं. त्या रडत नव्हत्या. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. आपल्याला नातवंड आहे आणि आपण त्याला कधीच बघणार नाही, हे त्यांना एकाच वाक्यात कळलं होतं. ते वाक्य त्यांनी स्वतः हौसेनं शिकून घेतलं होतं. मी म्हटलं, नाही कळलं.

त्या म्हणाल्या, तीनचार वर्साचं असन.

तीनचार वर्षांचं. आपल्या लग्नाला दोन वर्षं झाली. एवढा हिशोब करायला विज्ञानाची बाई असावं लागत नाही.

दुपारी मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. पदर सावरला, पण बसले नाही. विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मला वाटलं होतं, चिडतील, कोणी सांगितलं विचारतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मले ठाऊक होतं,” ते म्हणाले. “लगन लावून देल्लं की पोरगं ताळ्यावर येईन, असं वाटलं. नाई आलं. आता तुले या घरात काय कमी हाय, ते सांग.”

मी म्हटलं, नवरा.

ते म्हणाले, त्याले येऊ दे, वय झालं की समदे परत येतेत. आणि मग शांतपणे, जर्मन आता पुरे झालं, सरायले उद्या सांगून देतो.

तर ही शिकवणी मला तिकडे पाठवायला कधी नव्हतीच. सून कशात तरी गुंतलेली असावी, आणि लोकांनी विचारलं तर सांगायला काहीतरी असावं, म्हणून होती. सर निरोप घ्यायला आले तेव्हा दारातच म्हणाले की पहिल्याच दिवशी त्यांना सांगण्यात आलं होतं, घाई नाही, हळूहळू शिकवा. “मला वाटलं, मुलीला झेपावं म्हणून म्हणताहेत,” ते म्हणाले. बिचारे खजील झाले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही हळू शिकवलंच नाही, उपकार झाले.

बाबांची एकच चूक झाली. पहारा ठेवायला त्यांनी घरातलंच माणूस बसवलं, आणि ते माणूस कान उघडे ठेवून बसलं.

अ.

*

खामगाव, ११ फेब्रुवारी २०२४

अहो,

परीक्षा देऊन आले. कशी, ते ऐका.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि आईंनी जाहीर केलं की त्यांना शेगावला तीन दिवस मुक्कामी जायचं आहे, सून सोबत येईल. शेगावला जायला या घरात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. वर माझी साडी, खाली पासपोर्ट. कपाटाची किल्ली बाबा आंघोळीला जाताना खुंटीवर काढून ठेवतात, हे चाळीस वर्षं त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? नाव सरांनी आईंकडून पासपोर्टचा नंबर घेऊन आधीच नोंदवून ठेवलं होतं. हे दोघं माझ्या पाठीमागे कधी बोलले, मला आजवर कळलेलं नाही.

पण आईंना खोटं सोसेना. आधी दर्शन घ्यायचंच, म्हणाल्या. रांगेत उभं राहून दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, आणि मग स्टेशनवर येऊन पुण्याची गाडी धरली. गाडीत मला म्हणाल्या, “महाराजायले सांगून देल्लं म्या. त्यायले खोटं बोल्ली नाई. तुह्या सासऱ्याले बोल्ली, ते चालते.”

पुण्यात परीक्षा केंद्राबाहेर त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. आत सगळी तरणी पोरं, इंजिनियर. तोंडी परीक्षेत कार्डं वाटतात, कार्डावरच्या शब्दावरून शेजारच्यानं आपल्याला प्रश्न विचारायचा. शेजारच्या मुलाला ‘रविवार’ आला. त्याने विचारलं, तुम्ही रविवारी काय करता? मी म्हटलं, रविवारी मी फोनची वाट बघते. परीक्षक बाईंनी मान डोलावली, म्हणाल्या, छान. वाक्य बरोबर होतं.

आता त्या प्रमाणपत्राचं काय लोणचं घालणार, असं म्हणाल. म्हणा. सर म्हणताहेत, इथल्या नर्सिंगच्या मुलींना तिकडे जायचं असतं, त्यांना सुरुवातीचं शिकवायला कोणी नाही. ते पुढचं पुढे. मला आधी एवढंच बघायचं होतं की या दारातून बाहेर पडलं तर मला पाय आहेत की नाहीत.

परत आलो तेव्हा बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी कपाट उघडून पाहिलं होतं. रविवारी फोन आला तेव्हा मी माझा नंबर यायची वाट पाहिली नाही. बाबांच्या मधेच म्हटलं, मला सोडचिठ्ठी हवी आहे, तुम्ही तुमच्या तोंडानं बाबांना सांगा. तुम्ही म्हणालात, “अश्विनी, हे असं फोनवर…” आणि बाबांनी फोन उचलून स्पीकर बंद केला. तेव्हापासून फोन त्यांच्या खोलीत येतो आणि तुम्ही मला विचारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर आता अंगठाही येत नाही. वकील म्हणाले, तुमची संमती असली तर लवकर सुटेल; नसली तर तुम्ही तिकडे, कोर्ट इकडे, वर्षं जातील. तुम्हाला वर्षं जायची भीती नाही. तुमचं जेवण तयार असतं.

अ.

*

खामगाव, ३ मार्च २०२४

अहो,

पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले. आईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, सुनेच्या परीक्षेचे. बाबांनी पेढा घेतला नाही, पण ताटलीत ठेवलेला संध्याकाळपर्यंत संपला होता.

निवेदिताचं जमलं. काल मी सोनाळ्याला जाऊन माझ्या आईला सगळं सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, इकडे ये. मी म्हटलं, येईन, पण पाहुणी म्हणून येईन. सोडलेली, टाकलेली म्हणून कोणी हळहळायचं नाही. त्यासाठी मला तुमची सही हवी. ती तुम्ही मला देत नाही, कारण मी मागितलेलं तुमच्या कानापर्यंत पोचू दिलं जात नाही, आणि पोचलं तरी तुम्ही आवाज तुटतोय म्हणता.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकते आहे. मधली न पाठवलेली सगळी पत्रंही याच पाकिटात आहेत. पाकिटावर तुमचं नाव नाही. पत्ता तोच आहे, नाव लिहिलं आहे ‘फ्राऊ टिकार’, म्हणजे टिकारबाई. त्या लेकराच्या आईनं तुमचं आडनाव लावलं आहे की नाही मला ठाऊक नाही. नसलं तरी तुमच्या पेटीवर ते आहेच, पोस्टमन टाकेल, आणि बाईच्या नावाचं पाकीट बाई उघडेल.

माझा तिच्यावर राग नाही. होता, आता नाही. बहुधा तिलाही साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनची हकीकत कोणी सांगितलेली नाही.

सगळ्यात वर एक वेगळा कागद आहे. तो तिच्यासाठी, तिच्या भाषेत. सरांना दाखवला नाही, चुका असतील तर त्या माझ्या. मला सोपी वाक्यंच येतात, म्हणून सोपंच लिहिलं आहे. माझं नाव अश्विनी. मी भारतात राहते. मी विवाहित आहे. माझ्या नवऱ्याचं नाव सोहम टिकार. तो तुमच्या घरी राहतो. मला तो नको. मला त्याची सही हवी. इथे एक आजी आहे. ती विचारते, मुलाचं नाव काय?

बाकीचा गठ्ठा मराठीत आहे. तिला तो वाचता येणार नाही. तिच्यासमोर बसून तुम्हालाच तो वाचून दाखवावा लागेल, पहिल्या पानापासून. काही गाळावंसं वाटलं तर गाळा. पण तिनं वरचा कागद आधीच वाचलेला असेल.

अश्विनी